बीएड करू नकोस, भाडेकरार वाचायला शीक

गेल्या ईदला शिरखुर्मा प्यायला आलेल्या माजी विद्यार्थ्यांमध्ये एक मुलगी होती. भिवंडीच्या उर्दू शाळेत ती माझ्याकडे मराठी शिकली. वडील यंत्रमागावर कामाला. तिने हट्टाने सिव्हिल इंजिनिअरिंग केले आणि गेली सहा वर्षे ती मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये आहे. बाकीची मुले उठून गेली तशी ती म्हणाली, "सर, मला हे काम सोडायचंय. अब्बा म्हणतात, सरांसारखं बीएड कर."

मी हसलो. बीएडचा कागद हातात घेऊन शिकवण्यांवर दिवस काढणारे किती जण माझ्या ओळखीचे आहेत! मी म्हणालो, "बेटा, बीएड करू नकोस. आधी तुझं काम काय असतं ते मला नीट सांग."

तिने सांगितले ते असे. रोज चार-पाच फ्लॅट पाहायचे, मापे घ्यायची, फोटो काढायचे, आजूबाजूला काय भावाने व्यवहार झाले ते विचारायचे आणि रात्री ठरलेल्या नमुन्यात अहवाल भरायचा. गृहकर्जासाठी बँकेला तो हवा असतो. मोबदला थोडा, घाई फार. वर कधी कर्ज मिळवून देणारा एजंट फोन करतो, "मॅडम, आकडा जरा बसवून द्या ना." ती बसवून देत नाही, म्हणून त्या एजंटच्या फायली दुसरीकडे जातात. "सहा वर्षांत मी फक्त फॉर्म भरायला शिकले," असे ती म्हणाली. हे वाक्य मला पटले नाही, म्हणून हा लेख.

मी मास्तर माणूस, जमीनजुमल्यातला नाही. पण शब्दांशी माझे जुने नाते आहे. जमीन, किंमत, कब्जा, वारस, दस्तऐवज, नकाशा, इमारत, दलाल हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत घरचे झाले. उर्दू शाळेतल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. मालमत्तेची भाषा तुम्हाला परकी नाही. परकी वाटते ती त्या भाषेतले निर्णय जिथे होतात ती खोली.

आता तिच्या कामाकडे पाहू. समजा, भिवंडीजवळ 20,000 चौरस फुटांचे गोदाम आहे आणि भाडे फुटाला महिना 20 रुपये. वर्षाचे 48 लाख झाले. मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती आणि रिकामे राहण्याची जोखीम वजा करून 40 लाख उरले असे धरू. गुंतवणूकदार 8 टक्के परताव्यावर समाधानी असेल तर गोदामाची किंमत 5 कोटी. त्याला 10 टक्के हवे असतील तर 4 कोटी. भिंती त्याच, पत्रे तेच, पण एक कोटीचा फरक. मूल्यांकन करणारी व्यक्ती कोणता दर लावायचा ते कारणासह ठरवते आणि आकडा लिहून थांबते.

तिथून पुढे दोन प्रश्न सुरू होतात. हा माणूस 10 टक्के का मागतो? आणि तो 8 वर यावा म्हणून काय करायला हवे? कदाचित अग्निशमनाचा दाखला नसेल. बांधकामाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी नसेल. भाडेकरू उद्या सोडून जाऊ शकत असेल, कारण करारात किमान मुदतीची अट नाही. जमिनीला एवढा भार पेलत नसेल किंवा उंची कमी असल्याने मोठी कंपनी येत नसेल. ही कारणे माझ्या विद्यार्थिनीने शेकडो वेळा पाहिली आहेत. ती "शेरा" या रकान्यात दोन ओळींत लिहून टाकते. त्या दोन ओळींवर काम करणे म्हणजेच व्यावसायिक मालमत्तेतले पुढचे करिअर.

त्याचे रस्ते बरेच आहेत. कार्यालये, मॉल, गोदामे सांभाळणाऱ्या कंपन्यांत भाडे वेळेवर यावे, इमारत टिकावी, भाडेकरू राहावा हे पाहणारी माणसे लागतात. बँकांना भाड्याच्या उत्पन्नावर कर्ज देताना करार आणि इमारत दोन्ही समजणारा अधिकारी लागतो. जमीन घेण्याआधी सातबारा, फेरफार आणि परवानग्या तपासणारे लागतात. सेबीने 2014 साली रीटचे नियम केले आणि 2019 मध्ये देशातला पहिला रीट शेअर बाजारात आला. रीटला आपल्या मालमत्तांचे पूर्ण मूल्यांकन वर्षातून एकदा तरी करून घ्यावे लागते. म्हणजे तिथे अहवाल लिहिणाराही हवा आणि तो अहवाल वाचून प्रश्न विचारणाराही हवा.

बहुतेकांना दिसतो तो मात्र दलालीचा रस्ता. त्याला मी कमी लेखत नाही. महाराष्ट्रात महारेराने 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लागू केली, हे चांगलेच झाले. पण मूल्यांकनातून तिकडे जाताना एक गोष्ट उलटी होते आणि ती आधी समजून घ्यावी. नोंदणीकृत मूल्यांककाच्या आचारसंहितेत व्यवहार यशस्वी झाला तरच मिळणारा मोबदला घेण्यास मनाई आहे. दलालाचे पोट नेमके त्याच मोबदल्यावर चालते. दोन्ही धंदे हलालच, पण एकाच मालमत्तेत एकाच माणसाने दोन्ही टोप्या घालू नयेत. सकाळी किंमत लिहून संध्याकाळी तीच जागा विकायला निघालात, तर तुमच्या सकाळच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवेल?

म्हणून माझे मत असे की कंटाळून काम सोडू नये. आपण कुठे बरे आहोत ते पाहून दार निवडावे. आकडे आवडत असतील तर कर्ज आणि गुंतवणुकीकडे, कागद आवडत असतील तर मालकी हक्काच्या तपासणीकडे, इमारत आवडत असेल तर व्यवस्थापनाकडे आणि माणसे आवडत असतील तर भाडेव्यवहाराकडे. आणि जाण्याआधी हातातले काम पक्के करावे. कंपनी कायद्याच्या कलम 247 खाली 2017 चे नियम आले. सिव्हिलची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव असेल तर ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा देऊन जमीन व इमारत या वर्गात आयबीबीआयकडे नोंदणी करता येते. माझ्या विद्यार्थिनीची पाच वर्षे कधीच झाली आहेत. अर्ज मात्र तिने केलेला नाही, कारण "त्याने काय होणार?" असे कुणीतरी म्हणाले.

आणखी एक कारण आहे, जरा जवळचे. आमच्या वस्त्यांमधल्या घरांच्या फायली कधी कधी मोहल्ल्याचे नाव वाचूनच बाजूला ठेवल्या जातात, असे लोक सांगतात. तिनेही असे टेबल पाहिले आहे. इमारत पाहिलीच जात नाही. अशा टेबलावर आमची मुलगी बसली म्हणून कुणाला सवलत मिळावी, असे मी म्हणत नाही. कागद कच्चे असतील तर तिने फाइल परत पाठवलीच पाहिजे. पण नाव वाचण्याआधी ती इमारत पाहील, पिलर पाहील, नकाशा मागेल. मोजून नकार मिळाला तर तो माणसाला सोसतो.

तिला मी तीन कामे दिली, शाळेत द्यायचो तसे. नोंदणीचा अर्ज भर. पुढच्या तीन महिन्यांत दहा व्यावसायिक भाडेकरार शेवटच्या ओळीपर्यंत वाच आणि प्रत्येकाचा सारांश मराठीत लिही. संगणकावर दहा वर्षांच्या भाड्याचा आणि खर्चाचा तक्ता स्वतः मांडायला शीक. नव्या कामात सुरुवातीला पगार घटला तर घरी काय सांगायचे, तेही ठरवून ठेव. अब्बांशी मी बोललो. ते अजून पूर्ण राजी नाहीत. नोकरी म्हटली की त्यांना शाळेची घंटाच ऐकू येते.

मागच्या आठवड्यात तिने पाचवा सारांश पाठवला. एका गोदामाचा करार होता, 28 पानांचा. भाडे दर तीन वर्षांनी 15 टक्क्यांनी वाढणार, पण छताच्या दुरुस्तीचा खर्च कुणाचा, हे कुठेच लिहिलेले नाही, असे तिने खाली लाल अक्षरांत टिपले होते. मी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. छताबद्दल मला काहीच सुचले नसते.