'आपण जिंकलो' की 'माझे गुण वाढले'?

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. पंचविशीतला एक तरुण आईला सोबत घेऊन दवाखान्यात आला. झोप येत नाही, छातीत धडधडते, पोटात जळजळ होते, अशा तक्रारी. नाडी थोडी जलद होती. ईसीजी काढला, थायरॉइड तपासले, सारे ठीक. आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन पाठवले. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच पाढा. मग आईला बाहेर बसवले आणि विचारले, "रात्री किती वाजेपर्यंत जागतोस?"

"मॅच संपेपर्यंत."

"कुणाची मॅच?"

"असंल त्याची, डॉक्टरसाहेब."

मग हळूहळू सारे बाहेर आले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. याच्या घरी शेजारपाजाऱ्यांसह पंधरा माणसे टीव्हीसमोर बसलेली. भारत २४० धावांत बाद झाला, पण ऑस्ट्रेलियाची अवस्था ३ बाद ४७ झाली तेव्हा घरात एकच जल्लोष झाला. या मुलाच्या पोटात मात्र गोळा आला होता, कारण मोबाईलवर त्याने जी टीम लावली होती तिचा कर्णधार ट्रॅव्हिस हेड होता. हेडने १३७ धावा काढल्या. घर सुन्न झाले, वडील न जेवता झोपले. "मला हसू येत होतं, आणि हसू येतंय म्हणून लाज वाटत होती," तो म्हणाला. त्या रात्री त्याने जिंकले चारशे रुपये. वर्षभरात गमावले होते चाळीस हजार.

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वाचकहो, ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फॅन्टसी क्रिकेटमध्ये त्या दिवशीच्या सामन्यातील दोन्ही संघांमधून अकरा खेळाडू निवडायचे. ते प्रत्यक्षात जसे खेळतील तसे आपल्याला गुण मिळतात. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. प्रवेश फी किरकोळ, बक्षिसाचा आकडा डोळे दिपवणारा. सामना संपला की हिशेब संपला. दुसऱ्या दिवशी नवा सामना, नवी टीम.

माझा मुद्दा पैशांपुरता नाही. पैसा बुडाला तर तो पुन्हा मिळवता येतो. या सवयीने माणसातला चाहता हरवतो, आणि ते नुकसान घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

चाहता असणे ही प्रकृतीला मानवणारी गोष्ट आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक घालत, आणि विजयाबद्दल बोलताना 'आपण' हा शब्द अधिक वापरत. आपल्याकडे हे कुणी शिकवावे लागत नाही. पानटपरीवर ट्रान्झिस्टर लावून धावते वर्णन ऐकणारी माणसे एकमेकांना ओळखत नसली तरी "आपले किती झाले?" असेच विचारत. हरलो तरी दुःख वाटून घ्यायला दहाजण असत. वाटलेले दुःख हलके होते.

टीम लावणाऱ्याला 'आपले' असे कुणी उरत नाही. भारताने धावा काढाव्यात, पण अमक्याने काढू नयेत, कारण तो माझ्या टीममध्ये नाही. समोरच्याचा गोलंदाज बळी घेवो, कारण तो आहे. शेजारी बसलेल्या भावाचीही टीम वेगळी. चौघे एका खोलीत बसून चार निरनिराळे सामने पाहतात, आणि मान टीव्हीकडे कमी, मोबाईलकडे जास्त वळते.

खेळाचे मोलही त्यामुळे बदलते. बीडला जन्मलेले संजय बांगर ऑगस्ट २००२ मध्ये लीड्सच्या कसोटीत सलामीला उतरले. ढगाळ हवेत चेंडू वळत होता. त्यांनी २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या. त्यांनी नवा चेंडू झिजवला, म्हणून मागून आलेल्यांचे काम सोपे झाले. द्रविडने १४८, तेंडुलकरने १९३ आणि गांगुलीने १२८ धावा केल्या आणि भारत एक डाव ४६ धावांनी जिंकला. गुणांच्या वहीत त्या ६८ धावा म्हणजे फक्त ६८ धावा. तसाच २९ जून २०२४ चा सूर्यकुमार यादवचा झेल. शेवटच्या षटकात, सीमारेषेवर घेतलेल्या त्या झेलाने विश्वचषक हातात आणला. गुणपत्रिकेत झेलाला आठ गुण. तो झेल तसला असो की साध्या सामन्यातला. ज्याला आठच दिसले, त्याने त्या रात्री काय पाहिले?

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. या खेळामुळे अनेकांना नवोदित खेळाडूंची नावे कळली, कबड्डीचे सामने पाहण्याची गोडी लागली. मित्रामित्रांत पैशांशिवाय टीम लावणे ही करमणूक आहे. तिला माझी हरकत नाही. पैसा लागला की प्रकृतीचा प्रश्न सुरू होतो.

तो कसा? बक्षीस ठरावीक वेळी न मिळता कधीतरी, अवचित मिळते, तेव्हा मेंदूला त्याची ओढ अधिक लागते. थोडक्यात हुकले तर हरल्यासारखे न वाटता, उद्या नक्की लागेल असे वाटते. हरलेले भरून काढण्यासाठी माणूस पुन्हा लावतो. दर चेंडूला छाती धडधडते, जागरण होते, पित्त वाढते. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक भरल्या. त्या चाहत्याला निदान आपल्या संघाचा सामना नसेल त्या दिवशी विसावा होता. टीम लावणाऱ्याला तो नाही; जगात कुठे ना कुठे रोज सामना असतोच.

हा कौशल्याचा खेळ आहे, असे काही न्यायालयांनी पूर्वी म्हटले होते. पण शरीर निकालपत्र वाचत नाही. जुगाराची विकृती हा आजार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत नमूद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने दीड कोटी रुपये जिंकल्याची बातमी गावोगाव पोचली. पुढे तो निलंबित झाला, हे किती जणांना आठवते? आणि हरलेल्यांची बातमी तर होतच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. ड्रीम इलेव्हनसह कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. त्यानंतरच्या आशिया चषकात भारतीय संघ प्रायोजकाच्या नावाशिवाय खेळला. पण दुकान बंद झाले म्हणून तलफ बंद होत नाही. काहीजण चिडचिडे झाले, तर काहीजण चोरट्या सट्ट्याकडे वळले. तेथे तर पैसे परत मिळण्याची मुळीच हमी नाही.

घरच्यांनी पुढील लक्षणे पाहावीत :

१) मोबाईल लपवणे, व्यवहारांविषयी खोटे बोलणे.
२) उसनवारी, मोबाईलवरून कर्ज, घरातील वस्तू किंवा कापसाचे आलेले पैसे परस्पर खर्च होणे.
३) हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा लावणे.
४) जागरण, धडधड, भूक मंदावणे, विनाकारण संताप.
५) पैसे न लावता सामना पाहवत नाही, असे स्वतःच सांगणे. मी हाच प्रश्न आधी विचारतो.

यांतले दोन-तीन आढळले तर ओरडू नका, चारचौघांत अपमान करू नका. कर्ज किती हे शांतपणे कागदावर लिहून काढा. ते फेडायचे तर रोख रक्कम मुलाच्या हाती न देता थेट देणेकऱ्याला द्या. रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. जगावेसे वाटत नाही, असे मुलगा बोलला तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा भीतीपोटी आजार लपवण्याचे कारण नाही.

तो तरुण घाटीत वर्षभर उपचाराला गेला. वडिलांना सारे सांगितले, तो दिवस सर्वांत अवघड गेला, असे तो म्हणतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आईचा रक्तदाब तपासायला तो पुन्हा आला. दोनच दिवसांपूर्वी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला होता. सामना संपायला मध्यरात्र झाली होती. आईचा रक्तदाब थोडा वाढलेला दिसला, म्हणून जागरणाबद्दल विचारले. उत्तर त्यानेच दिले :

"जागणारच की, डॉक्टरसाहेब. आपण जिंकलो ना!"

आईची गोळी मी बदलली नाही. आठ दिवसांनी पुन्हा तपासायला या, एवढेच सांगितले.