डिझेलची चमक

सहा वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या एका बाजारातून मी २००४ सालची लाल मारुती ८०० घेतली. बाजारात ती कुंकवासारखी लाल दिसत होती. पेट्रोलच्या गाडीला डिझेलचा वास येत होता, विचारलं तर विकणारा म्हणाला, "कालच सर्व्हिसिंग केलंय, दादा." घरी पिंपरी पेंढारला आणली, तिसऱ्या दिवशी धुतली, आणि वाळल्यावर दारात वेगळीच गाडी उभी. बोनेट गुलाबट-पांढुरकं, टपावर राखेसारखा थर, हात फिरवला की तळव्याला लाल भुकटी. सौद्याच्या आधी डिझेलच्या बोळ्यानं सगळी बॉडी पुसली होती. ही फसवणूक आहे. "धंद्यात चालतंच" म्हणून तिच्यावर पांघरूण घालणाराही तिचा भागीदार आहे.

ही लबाडी चालते कशी, ते समजून घ्या. ऊन, हवा आणि दमटपणा यांनी रंगाचा वरचा थर कुजतो. रंगकण धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य मरतं आणि कण सुटे होऊन भुकटीसारखे पडून राहतात. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, म्हणून गाडी धुरकट दिसते. त्यावर पाणी ओता, खळगे भरतात आणि गाडी क्षणभर नवी दिसते. डिझेलही नेमकं तेवढंच करतं. पाणी पाच-दहा मिनिटांत वाळतं; डिझेल सौदा पुरा होईपर्यंत टिकतं. मग त्याच तेलकट थरावर कल्याण-नगर रस्त्याची धूळ बसते, आणि दारांची रबरं फुगतात ते वेगळंच.

आमच्याकडे जुनी गाडी हौसेची नसते. आळेफाट्याला पेशंट न्यायचा, पोरांना ओतूरला सोडायचं, नारायणगावच्या बाजारात चार क्रेट टोमॅटो न्यायचे, त्यासाठी असते. मारुती ८०० बनणं २०१४ च्या जानेवारीत बंद झालं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. इतके पैसे मोजून जो गाडी राखतो, त्याच्या पत्र्याला गंजापासून वाचवणारी मुख्य गोष्ट म्हणजे रंग. तो नुसता शृंगार नाही.

आता गॅरेजवाल्यांकडे वळतो. "रबिंग पॉलिश करून देतो, शोरूमसारखी होईल." मीही एका ठिकाणी गाडी दिली. नाव लिहीत नाही, कारण असली ठिकाणं हमरस्त्याला पावलोपावली आहेत. पोरानं पत्रा कापायच्या ग्राइंडरला लोकरीचा पॅड लावला आणि बोनेटवर टेकवला. पॉलिशचं मशीन मिनिटाला हजार ते तीन हजार फेरे घेतं. चार इंची ग्राइंडर अकरा हजारांच्या घरात फिरतो. गाडी गेल्या वेळी कधी घासली, थर किती उरलाय, हे कुणी विचारलं नाही. बोनेटच्या कडेला, जिथं रंग आधीच पातळ असतो, तिथं दोन इंचांची करडी रेघ उघडी पडली. तो प्रायमर होता. "तेवढं टचअप करून घ्या," असं सांगून त्यांनी पूर्ण पैसे घेतले. माळशेजच्या पावसात दोन फेऱ्या झाल्या आणि बाकीची चमकही उतरली, कारण खड्डे झाकणारं तेलच त्यांनी वर चोपडलेलं होतं.

कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. ज्या गाडीवर लॅकर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, असतं, तिथं ते ४०-५० मायक्रॉनचं, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. दरवेळी घासलं की त्यातलं थोडं जातं आणि परत येत नाही. मापाचं मीटर न लावता ग्राइंडर फिरवणारा माणूस कारागीर नाही.

शेवटी मी स्वतः बसलो. सावलीत गाडी कारच्या शाम्पूनं धुतली, चिकटलेला मळ क्लेच्या गोळीनं काढला, कडांना आणि रबरांना कागदी टेप लावली. टपाचा वीतभर तुकडा घेतला आणि सगळ्यात सौम्य पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन हातानं घासलं. फडकं लाल झालं. त्याचा अर्थ माझ्या गाडीवर लॅकर नाही, रंग एकेरी आहे आणि मेलेली भुकटी तेवढी निघतेय. चौथ्या-पाचव्या घासणीला खालचा लाल वर आला. दार उघडून आतली चौकट पाहिली. तिथं ऊन कधी पोचलं नव्हतं आणि वीस वर्षांपूर्वीचा रंग जसाच्या तसा होता. टपाचा तुकडा त्या लालाच्या जवळ गेला तिथंच मी थांबलो. पूर्ण जुळेपर्यंत घासायचा मोह आवरावा लागतो. वरून मेण लावलं. आमच्या उन्हात ते काही महिनेच टिकतं, म्हणून दिवाळीला आणि होळीला पुन्हा लावतो.

हे सगळ्या गाड्यांना लागू नाही, आणि लागू आहे असं सांगणारा खोटं बोलतो. फडकं पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे. ते नुसतं धुरकट असेल तर जपून पॉलिश चालतं. पण कांद्याच्या सालीसारखं सुटू लागलं असेल, तर जगातलं कुठलंही पॉलिश ते परत चिकटवणार नाही. तो भाग पाणीपेपरनं घासून नव्यानंच मारावा लागतो. तिथं टेफ्लॉन कोटिंग विकणं हा शुद्ध दरोडा आहे. टेफ्लॉन तव्याला चिकटवायला तीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. तुमच्या बोनेटवर फडक्यानं ते काय बसणार?

रिपासिंगच्या, म्हणजे फेरनोंदणीच्या, तोंडावर "रंग मारून आण" म्हणणारे एजंटही तसलेच. स्वस्तात मारलेला रंग बहुधा पीयू (पॉलियुरेथेन) नसतो, एनसी (नायट्रोसेल्युलोज) असतो आणि बिल पीयूचं असतं. थिनरचं फडकं लपत्या कोपऱ्यात घासा: एनसी विरघळून फडक्यावर येतो, वाळलेला पीयू येत नाही. आणि जिथं खरंच पीयू मारतात, तिथं गन हातात धरलेल्या पोराच्या तोंडाला नुसता रुमाल बांधलेला असतो. पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं जन्माचा दमा जडू शकतो. ज्या मालकाला त्या पोराला धड मास्क देता येत नाही, त्याच्याकडे मी गाडी देणार नाही, फुकट मारून दिली तरी.

आपणही कमी नाही. कपड्यांच्या पावडरनं गाडी धुतो. धूळ बसलेली असताना कोरडं फडकं ओढतो, म्हणजे वाळूनंच घासतो. बोअरचं क्षाराचं पाणी उन्हात वाळू देतो. पिकावरच्या बोर्डोचा फवारा उडाला की चुन्याचे ठिपके आठवडाभर तसेच ठेवतो. आणि पाच वर्षांनी म्हणतो, कंपनीचा रंगच हलका होता.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. सकाळच्या उन्हात जा आणि खिशात पांढरा सुती रुमाल ठेवा. गाडी तुमच्यासमोर शाम्पूनं धुवायला सांगा, पूर्ण वाळू द्या, मग रुमाल टपावर घासा आणि दाराच्या आतला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून बघा. धुवायला नाही म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.