रमजानच्या आधी कपाटाचा रंग

शाबान लागला की घराघरांत रमजानच्या तयारीची झाडझूड सुरू होते. आमच्या परभणीच्या घरात स्वयंपाकघराला अम्मींच्या काळातले सागवानी कपाट आहे. वार्निश काळे पडलेले, दारांवर फोडणीच्या तेलाचा चिकट थर. सुतार म्हणाला, ‘‘काढून टाका बाजी, प्लायवूडचे नवे करून देतो.’’ पण लाकूड अजून खणखणीत आहे. ते फेकणे म्हणजे इस्राफच. म्हणून रंग द्यायचे ठरवले.

पहिल्या वेळी आम्ही घाई केली. ओल्या फडक्याने पुसून थेट ऑईल पेंट मारला. ईदला पाहुण्यांनी वाहवा केली, पण पावसाळ्यात शेगडीजवळचा रंग नखाने निघू लागला. तेलकट, गुळगुळीत वार्निशवर रंग धरत नाही, हे पैसे घालवून शिकलो.

यंदा सारे क्रमाने केले. आधी दारे, बिजागऱ्या, मुठी काढल्या. सुटलेला रंग पत्र्याने खरवडला. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे चढवून तेल काढले. साध्या पाण्याने पुसून लाकूड एक दिवस वाळू दिले. मग 120 आणि 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून वार्निशची चमक घालवली. भोकांत लांबी भरली. सागाचा तांबूस रंग वर फुटू नये म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा एक हात दिला. हे करताना खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा. त्यावर लाकडाचा प्रायमर, हलकी घासणी, आणि एक-एक दिवसाच्या अंतराने ऑईल पेंटचे दोन पातळ हात. आपल्याकडच्या उन्हात रंग लवकर ओढतो आणि ब्रशचे ओरखडे राहतात, म्हणून काम सकाळी आणि सावलीत केले.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आतल्या फळ्यांना जुना हिरवा रंग होता. कधीचा, ते कुणालाच आठवेना. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग कोरडा घासू नये. आम्ही मास्क लावून, पाणी मारून वॉटर पेपरने घासला आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसली. तेवढे दिवस मुलांना आणि पोटुशी असलेल्या धाकट्या जावेला त्या खोलीत येऊ दिले नाही. पीठ-खजुराचे डबे आधीच दुसरीकडे हलवले होते.

रंग हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. म्हणून काम शाबानच्या पहिल्या आठवड्यातच उरका. रोजा असताना रंगाचा वास नको, आणि पहिल्या सहरीला डबे फळीला चिकटायलाही नकोत.