वेल्ह्याची वाट

भोरास आईजवळ राहून वेल्ह्यास रोज ये-जा करतां येईल अशी नोकरी आमचा पुतण्या दोन वर्षें महाजालावर शोधीत आहे. परवां घाईनें त्यानें स्थळापुढें ‘वेल’ एवढेंच लिहिलें; उरलेलें नांव यंत्रानें पुरविलें. दुसऱ्या दिवशीं एका गृहस्थांनीं दूरध्वनीवरून इंग्रजींत विचारलें, “कचेरी किल्ल्याजवळ आहे, जमेल ना?” तोरण्याचा पायथा मनांत आणून चिरंजीव म्हणाले, “अवश्य!” वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली.

पत्र आलें तें तामिळनाडूंतील वेल्लोरचें! किल्ला तेथेंही आहेच. १६७८ सालीं मराठ्यांनीं तो जिंकला होता, असें आम्हीं सांगतांच वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्यांच्याबरोबर फौज होती. ह्याला अजून कुकर लावतां येत नाहीं!”

अर्ज मागें घेतला आहे. साखर मात्र आम्हींच संपविली.