तो कवी डालडा विकतो

शुद्धलेखनाचा तास म्हटला की मुलांचे चेहरे पानात कारल्याची भाजी पडल्यासारखे होतात. नियम पाठ करायचे, चुकलेला शब्द दहादा लिहायचा आणि वहीतल्या लाल रेघा मोजत बसायचं! कारल्यात आपण गुळाचा खडा घालतोच ना? मराठीच्या तासाला तो खडा म्हणजे शब्दांचे खेळ.

साताऱ्याला असताना एकदा मी फळ्यावर चार वाक्यं लिहिली. ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’, ‘चिमा काय कामाची’ आणि ‘तो कवी डालडा विकतो’. म्हटलं, आता शेवटाकडून एकेक अक्षर वाचत या. काय गलका झाला म्हणता! डालडा म्हणजे काय, हे मात्र सांगावं लागलं. तो रिकामा पिवळा डबा, ज्यात मग अंगणातली तुळस लागायची, तो या मुलांनी कुठला बघायला!

गलका ओसरल्यावर एक मुलगी उठली. “बाई, शेवटची दोन वाक्यं लबाड आहेत. चिमाची ‘चि’ पहिली वेलांटी, कामाची ‘ची’ दुसरी. उलटं केलं की जुळत नाही!”

मला हेच हवं होतं. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दुसरी, हा नियम तिला न सांगता सापडला. ‘कवी’मधला ‘वी’ शेवटी आहे म्हणून दीर्घ, ‘विकतो’मधला ‘वि’ आधी आहे म्हणून ऱ्हस्व. आणि गंमत बघा, साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली आले. त्याआधीच्या जुन्या पुस्तकांत हा शब्द ‘कवि’ असाच छापलेला दिसतो. म्हणजे आजीच्या वेळी हेच वाक्य दोन्हीकडून चोख होतं! त्यानंतर ५ सप्टेंबरला कुणीतरी फळ्यावर ‘शिक्षक दीन’ असं लिहिलं, तर मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “बाई, पगार झाला नाही वाटतं!”

पुढे माझी सांगलीला बदली झाली. सातारा म्हणजे सात तारे आणि सांगली म्हणजे सहा गल्ल्या, असं लोक गावांच्या नावांचं मूळ सांगतात. खरंखोटं इतिहासकार जाणोत. पण पहिल्याच दिवशी एका पोरानं विचारलं, “बाई, सातावरनं सहावर आलासा, एक कमी झाला की वो!” हे ऐकलं आणि इथं आपलं जमणार, अशी खात्री पटली.

त्याच वर्गात हरिपूरकडचा एक मुलगा होता. तोंड म्हणून उघडायचा नाही. ‘व्हतं’, ‘नगं’ म्हटलं की बाकीचे फिदीफिदी हसायचे, मग त्यानं बोलणंच सोडलेलं. एके दिवशी वाक्प्रचार आला, ‘पेव फुटणे’. अर्थ सगळ्यांनी घडाघडा सांगितला, एकदम पुष्कळ होणे. मी विचारलं, “पण पेव म्हणजे काय?” सगळे गप्प.

तेव्हा तो हळूच उठला. “बाई, पेव म्हंजी जिमिनीतलं कोठार. वर तोंड बारीक, आत पोट मोठं. आमच्या आज्याचं व्हतं, हळद ठिवायला. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतंय, हवा नसतीया.” हरिपूरची हळदीची पेवं एके काळी प्रसिद्ध होती, २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी निकामी झाली. वर्ग कान देऊन ऐकत होता. ‘व्हतं’ला कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचा हात वर दिसायला लागला.

लिहिताना प्रमाण मराठी यायला हवी, यात वाद नाही. परीक्षेत, अर्जात, नोकरीत ती लागते. पण पोर बोलत असताना मध्येच “असं नाही, तसं म्हण” करू नका. आधी त्याचं म्हणणं पुरतं ऐका. बोलायलाच बिचकणारं मूल लिहिणार काय?

आणि खेळ घरीही होतात बरं का! भाकरी थापता थापता ‘प’वरून स्वयंपाकघरातल्या वस्तू सांगायला लावा. परात, पोळपाट, पळी, पाटा... बघा कुठवर जातात. एका शब्दाचे अर्थ मोजायला सांगा. ‘पाट’ घ्या. बसायचा पाट, शेतातल्या पाण्याचा पाट, आणि पूर्वी विधवेचा पुनर्विवाह व्हायचा तोही पाटच. रविवारी आजीपाशी बसवून उतरंड, शिंकं, कणगी असे शब्द विचारून घ्यायला सांगा आणि त्यांची एक वही करा. वेलांटी चुकली तर चुकू द्या, ती मागाहून सुधारता येते. आजी आहे तोवर शब्द तेवढे उतरवून घ्या.