सुतारकामाला गॅलरी पुरते

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने लाकूडकामाच्या वाटेला जाऊ नये, असं आपल्याकडे सरसकट मानलं जातं. जागा नसते, आवाज होतो, भुसा उडतो, शेजारी तक्रार करतात. ही कारणं खरी आहेत, पण म्हणून हे काम घरातून हद्दपार करणं मला पटत नाही. हातभरापेक्षाही आखूड असं रोटरी टूल आणि त्याला बसणारा छोटा राउटर बेस एवढ्या सामग्रीवर चिंचवडच्या माझ्या अरुंद गॅलरीत मी नेटकं, टिकाऊ काम करते. ते आणखी घरांमध्ये व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी नोकरीभर मापं तपासली. त्यामुळे यंत्र हातात आलं की त्याची ताकद पाहण्याआधी ते थरथरतं किती, हे मी पाहते. जाहिरातीत मात्र मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेरे आणि सोबत मिळणारी बिट्सची भलीमोठी पेटी यांचंच कौतुक असतं. नुसतं टूल पेनासारखं धरून लाकडात सरळ खाच पाडायला जा. बिट लाकडाच्या शिरांबरोबर ओढलं जातं आणि खोली बोटाबोटाला बदलते. बेस लावला की टूल काटकोनात उभं राहतं, बिट किती खाली उतरणार ते आधीच पक्कं करता येतं आणि हाताकडे पुढे सरकवण्याचं तेवढं काम उरतं. म्हणून माझं सांगणं असं, की पेटीतली बिट्स कमी असली तरी चालतील, पण बेस न लवणारा, न डुगडुगणारा घ्या. शक्यतो धातूचा. घेण्याआधी तो आपल्या टूलच्या तोंडावरच्या आट्यांना बसतो ना, याची खात्री करा.

या टूलला खेळणं म्हणणारे पुष्कळ भेटतात. अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात कंपनी काढली आणि त्याच दशकात असं हातात मावणारं टूल बाजारात आणलं. आज गिटार घडवणारे कारागीर शिंपल्याचं जडावकाम बसवायला अशाच टूलला अचूक बेस लावून लाकडात नाजूक घरं कोरतात. तिथे केसभर चूकही नजरेला टोचते. अशा कामाला जे चालतं, त्याला खेळणं कसं म्हणायचं?

याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सुतार वापरतात त्या ट्रिमरची मोटर पाचशे वॉटच्या पुढची असते, रोटरी टूलची साधारण १३० ते १७५ वॉटची. बिटचा दांडा जेमतेम ३.२ मिलिमीटरचा. दाराची चौकट किंवा स्वयंपाकघरातलं कपाट याच्यावर करायला जाऊ नये. करंडा, नावाची पाटी, फोटोची चौकट, छोटा देव्हारा ही त्याची कामं.

देव्हाऱ्याचंच उदाहरण घ्या. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरातून मी जुन्या सागाचे तुकडे आणते. देव्हाऱ्याच्या दाराला तीन मिलिमीटरची काच बसवायची, तर तिच्यासाठी चारी बाजूंनी पाच मिलिमीटर खोल खाच हवी. ती एका दमात पाडायची नाही. सागात दर फेरीला एक मिलिमीटर पुरे. फळीवर सरळ पट्टी क्लॅम्पने आवळायची आणि टूल तिला टेकवून पुढे ढकलायचं. पट्टी डाव्या हाताला ठेवायची, कारण फिरणारं बिट टूलला डावीकडेच रेटतं. पट्टी उजवीकडे असेल तर खाच वाकडी जाते. फार रेंगाळलात तर लाकूड काळं पडतं, घाई केलीत तर बिट मोडतं. सागात सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार लवकर खाते. म्हणून बिट कार्बाइडचं घ्यावं.

बिजागरीचं घर करताना मी आधी धारदार सुरीने रेघ मारते, कडा पटाशीने उभ्या कापते आणि मधलं लाकूड राउटरने काढते. पितळी बिजागरीचं पान मिलिमीटरभर जाड असेल, तर बिट तेवढंच खाली बांधायचं. तळ सगळीकडे सारखा मिळतो, कोपरे पटाशीने काटकोनी होतात. यंत्राने हातकाम संपतं, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं. पटाशीला धार नसेल तर राउटर तुम्हाला वाचवत नाही.

आवाज आणि भुसा यांची जबाबदारी मात्र करणाऱ्याने घ्यायलाच हवी. दुपारची झोपेची वेळ आणि रात्र मी कटाक्षाने टाळते. लाकडाच्या बारीक धुळीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांत केलेला आहे. त्यामुळे व्हॅक्यूम क्लीनरची नळी बेसजवळ, तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना गॉगल, केस बांधलेले, ओढणी आणि बांगड्या दूर. यात सूट नाही. बिट बदलताना प्लग काढलेला असलाच पाहिजे.

हे सगळं वर्तमानपत्रातून सांगण्याचं कारण आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांच्या हाताखाली शिकावं, अशी कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. पण अकराव्या दिवशी ते मूल आपल्या फ्लॅटमध्ये परतणार, आणि तिथे खिळा ठोकायलाही जागा नसेल तर शिकलेलं टिकणार कसं? हातातलं कसब सरावानेच मुरतं. म्हणून पालकांना माझी विनंती आहे: गॅलरीचा एक कोपरा मोकळा करा, तिथे एक भक्कम पाट, दोन क्लॅम्प आणि एक पटाशी ठेवा. हात बसला की रोटरी टूल आणि बेस आणा, आणि मूल ते चालवत असेपर्यंत शेजारून हलू नका. सोसायट्यांनीही सुट्टीच्या सकाळचे दोन तास अशा कामासाठी ठरवून द्यावेत. डागडुजीच्या ड्रिलचा आवाज आपण वर्षभर सोसतो. कुणाच्या तरी शिकण्याचा आवाज दोन तास ऐकून घेणं जड जाऊ नये.