घरचा संगणक : पंखे फिरतात, पण पडदा काळाच!



मुलांचे निकाल लागले आणि दिवाळी जवळ आली की मला एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात. "काका, नवा कॉम्प्युटर जोडला. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काहीच नाही." घरात कुणी आजारी पडावं तसा आवाज असतो. साहजिकच आहे, साठ-सत्तर हजारांचं सामान टेबलावर मुकं बसलेलं असतं.

गेल्या महिन्यात काचीगुड्याच्या एका घरून असाच फोन आला. मुलानं शिकवण्या घेऊन पैसे साठवले, वर्षभर एकेक भाग विकत घेतला आणि स्वतः जोडला. वडिलांचं म्हणणं पहिल्यापासून, तयारच घे. आता दुकानदार फोनवर सांगत होता, "बोर्ड गेला असेल. आणून द्या, तीन आठवडे लागतील." कॉलेजचा प्रोजेक्ट दहा दिवसांवर आलेला. मी गेलो तेव्हा वडील म्हणत होते, "सांगितलं होतं की नाही?" आणि मुलगा मान खाली घालून बसला होता.

काळा पडदा हे लक्षण आहे, रोग नव्हे. कारणं डझनभर असतात आणि बोर्ड खरोखर बिघडलेला असणं हे त्यांतलं शेवटचं. म्हणून माझा नियम एकच : फुकटचं आधी, पैशाचं शेवटी.

केबल कुठे लावली आहे? कॅबिनेटच्या मागे मॉनिटरची केबल दोन ठिकाणी बसू शकते : वर बोर्डावर आणि खाली ग्राफिक्स कार्डावर. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात पडद्यावर चित्र पाठवणारा भागच नसतो. रायझन ५ ५६०० मध्येही नसतो. अशा वेळी बोर्डावरच्या जागेतून कधीच चित्र येणार नाही. केबल कार्डालाच हवी. या मुलाचा प्रोसेसर १२४००एफ, आणि केबल बोर्डाला! ती बदलली. पडदा तरीही काळाच.

वीज सगळीकडे पोचते का? बोर्डाला २४ पिनांची मोठी केबल लागते आणि प्रोसेसरजवळ ८ पिनांची वेगळी. ही दुसरी राहिली तरी पंखे मजेत फिरतात, म्हणून फसगत होते. ग्राफिक्स कार्डाची केबल दिसायला तशीच असते. ती तिथे दाबून बसवू नका. इथे दोन्ही जागेवर होत्या.

बोर्ड काय सांगतो? बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो पेटून राहतो, तिथे गाडी अडलेली असते. इथे 'डीरॅम' पेटलेला होता. मी वडिलांना म्हटलं, "बोर्ड मेला असता तर त्यानं दुखतंय कुठे ते दाखवलं असतं का?" डीडीआर५ रॅम असेल, तर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. तेव्हा चहा घ्या, बटण दाबत बसू नका. इथे डीडीआर४ होती, म्हणजे ते कारण नव्हतं.

रॅम नीट बसली आहे का? प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या धातूला हात लावला. वडिलांच्या हाती मोबाइलचा टॉर्च दिला. त्या उजेडात दिसलं : दोन्ही पट्ट्यांचं एकेक टोक केसभर वर. नवे स्लॉट घट्ट असतात, मोडेल या भीतीनं हात आखडतो. दोन्ही पट्ट्या काढायला लावल्या. मग एकच, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, मुलानंच दाबून बसवली. 'टक्' असा आवाज आला. बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर अक्षरं उमटली. बंद करून दुसरी पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये. खर्च शून्य. वडील काही बोलले नाहीत, पण टॉर्च बराच वेळ तसाच धरून उभे होते.

एवढ्यानं भागलं नाही, तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सेल (सीआर २०३२) पाच मिनिटं बाहेर ठेवा. जुन्या सेटिंग पुसल्या जातात. मग फक्त बोर्ड, पंख्यासह प्रोसेसर, एक रॅम आणि पॉवर सप्लाय एवढंच ठेवा. 'एफ' असेल तर कार्डही. चालू झालं, की एकेक भाग वाढवत जा. प्रोसेसर बोर्डापेक्षा नव्या पिढीचा असेल, तर बायॉस अद्ययावत केल्याशिवाय तो ओळखलाच जात नाही. एच६१० बोर्डावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा इंटेल लावताना हे हमखास विचारा. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढला तरी आत वीज साठलेली असते.

हे सगळं करूनही दुकानात जावं लागलं, तर कोणता दिवा पेटत होता आणि काय-काय करून पाहिलं, ते कागदावर लिहून न्या. "बोर्ड गेला असेल" एवढ्या अंदाजावर मग कुणी तुम्हाला तीन आठवडे थांबवणार नाही. आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती : ज्यानं जोडलाय, त्याच्याच हाती स्क्रू-ड्रायव्हर राहू द्या. आपण टॉर्च धरावा.